टिअरड्रॉप ट्रेलर घरी बांधला: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरून झाल्यावर

मुंबईत लाकडाच्या वस्तूबद्दल पावसाळा उलटल्याशिवाय मत देऊ नये, म्हणून इतके महिने लिहायचं थांबले होते. आता दसरा झालाय. ट्रेलर रिकामा करून, गादी बाहेर काढून, टॉर्च घेऊन कानाकोपरा तपासलाय. जुन्या अमेरिकी पद्धतीचा हा छोटा ट्रेलर आपल्या हवेत टिकतो, हे आता खात्रीने सांगते. फक्त त्याची बांधणी जशीच्या तशी उचलून चालत नाही. तिकडे तो थंडी बाहेर ठेवायला बांधत. इकडे आतली ओल बाहेर काढायला बांधावा लागतो.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: पुढून गोल आणि मागे निमुळता होत उतरलेला डबा. आत दोघांपुरती गादी, बस्स. मागचं झाकण वर उचललं की स्वयंपाकाचा ओटा. १९३०च्या दशकात अमेरिकेत हा प्रकार रुजला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर लोकांनी तो हौसेने घरी बांधला. त्याचं माप मला फार आवडतं. प्लायची शीट ८ बाय ४ फुटांची, म्हणून भिंत ८ फूट लांब आणि ४ फूट उंच. एका शीटमधून एक भिंत, जोड नाही, वाया फार कमी. आजही आपल्या बाजारात तीच शीट मिळते. चाकांसकट उंची साडेपाच फुटांच्या आत राहते, त्यामुळे आमच्या सोसायटीच्या स्टिल्टमधल्या (इमारतीखालच्या पार्किंगमधल्या) बीमखालून तो आरामात जातो. मुंबईत हा मुद्दा बाकी सगळ्यांपेक्षा मोठा आहे.

एक गोष्ट आधी सांगते. मोटार वाहन कायद्याने ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. म्हणून लोखंडी सांगाडा आम्ही स्वतः वेल्ड केला नाही. काकांचा भांडुपला फॅब्रिकेशनचा गाळा आहे, हात बसलेला आहे, तरीही नाही. मान्यता असलेल्या उत्पादकाकडून कागदपत्रांसह सांगाडा घेतला, नोंदणी आणि विमा केला आणि त्यावर फक्त बॉडी बांधली. आपल्या गाडीची ओढण्याची क्षमता किती, हे पण आधी लेखी घ्या. त्यानंतरच प्लाय विकत आणा.

सामानासाठी मुंबईसारखं शहर नाही. अॅल्युमिनियमचा पत्रा किका स्ट्रीटला, स्क्रू-बोल्ट नागदेवीला, वायर आणि स्विच लोहार चाळीत, गाडीच्या दाराचं रबर बीडिंग कुर्ल्याच्या सीएसटी रोडला. दारुखान्यात मोडीत निघालेल्या जहाजांचं सामान मिळतं, तिथून पितळेचं एक पोर्टहोल, म्हणजे जहाजाची गोल खिडकी, आणलं. दोन हवी होती, पण एकाचंच वजन पाहून दुसऱ्याचा मोह सोडला. डाव्या दारात ते बसवलंय. चिंच लावून घासलं की उन्हात असं झळाळतं की ट्रेलर बघायला येणारा प्रत्येक जण आधी त्याच्यावर हात ठेवतो. पितळ आणि अॅल्युमिनियम एकमेकांना टेकू द्यायचं नाही, एवढं पथ्य पाळलं. खारी हवा आणि पाणी मिळालं की त्या जोडीत अॅल्युमिनियम झिजतं. मध्ये जाड रबर आहे.

भिंती १२ मिमी मरीन प्लायच्या, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायच्या, त्यासाठीच्या भारतीय मानकाची आयएस ७१० छाप पाहून घेतलेल्या. छताच्या गोलाईला वाकणारा फ्लेक्सी प्लाय, वर पत्रा, मध्ये इंचभर थर्मोकोल. आमचे मिस्त्री पहिल्याच दिवशी म्हणाले, "ताई, प्लाय पृष्ठभागावरून सडत नाही, कडेतून सडतो. पाणी तिथून पितो." त्यामुळे प्रत्येक कड, दाराचा प्रत्येक काप, वायरीसाठी पाडलेलं प्रत्येक भोक पातळ इपॉक्सीने तीनदा पाजलं. काम कंटाळवाणं आहे, पण पावसाळ्यानंतर एकही कड फुगलेली नाही, याचं सगळं श्रेय त्या तीन हातांना आणि मिस्त्रींच्या हट्टाला. पत्र्याच्या जोडाखाली सिलिकॉनऐवजी ब्यूटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, वापरली. ती मऊच राहते, पत्रा उन्हात ताणला-आखडला तरी सोबत हलते, आणि उद्या जोड उघडावा लागला तर जुन्या सिलिकॉनवर नवं चिकटत नाही ही कटकट नाही. स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. ३०४चे काही लावले होते, त्यांच्या डोक्यांभोवती तपकिरी डाग आलेत. ताकदीला धोका नाही, पण पांढऱ्या रंगावर डोळ्यांत भरतात.

आता ओल. दोन माणसं बंद डब्यात रात्रभर झोपली की श्वासातून आणि अंगातून अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. थंड देशात ते काचेवर जमतं, सकाळी पुसून टाकता येतं. आपल्याकडे बाहेरची हवाच जुलैत ओली, त्यामुळे ते गादीच्या बुडाशी आणि कोपऱ्यांत जाऊन बसतं आणि आठवड्यात बुरशी धरते. म्हणून तीन गोष्टी केल्या. छतात बाहेर हवा फेकणारा १२ व्होल्टचा पंखा आणि पायाकडे जमिनीलगत जाळीच्या दोन खिडक्या, म्हणजे हवा खालून शिरते, अंगावरून जाते आणि वरून निघते. गादीखाली सलग प्लाय न टाकता अंतर सोडून सागाच्या पट्ट्या. आणि फोमऐवजी काथ्याची गादी. काथ्या थोडा कडक लागतो, पण त्यातून हवा खेळते. भर पावसात गादीचं बूड कोरडं होतं, हे मी हात लावून पाहिलंय. आतून सनमायका मुद्दाम लावला नाही. त्यामागे ओल साचली तर कळत नाही. साध्या वॉर्निशखाली लाकूड काळवंडायला लागलं की लगेच दिसतं.

पंखा दोन अँपिअर ओढतो. रात्रीचे नऊ तास धरले तर १८ अँपिअर-अवर, आणि आमची लिथियम फॉस्फेट बॅटरी १००ची आहे. शनिवार-रविवारला सोलर पॅनेलची गरजच पडत नाही, घरी चार्ज करून निघायचं. आत शेगडी मात्र कधीही पेटवायची नाही, दार उघडं असलं तरी नाही. स्वयंपाक मागे, उघड्यावर.

ट्रेलर उभा असतानाही ओल चालूच असते. चार महिने स्टिल्टमध्ये उभा होता, तेव्हा वरचं झाकण किंचित उघडं, गादी आडवी न ठेवता उभी आणि रोज थोडा वेळ पंखा. प्लास्टिकची ताडपत्री अंगाला चिकटवून झाकू नका, आत घाम धरतो.

रस्त्यावरचा अनुभव जवळजवळ पूर्णपणे वजनाच्या वाटणीवर ठरतो. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार गाडीच्या हुकवर यायला हवा. कमी झाला तर वेग वाढताच ट्रेलर मागून शेपूट हलवायला लागतो, आणि तो अनुभव कोणी घेऊ नये. या आकारात स्वयंपाकघर नेमकं मागे असल्यामुळे भांडी, शेगडी, पाणी सगळं चुकीच्या टोकाला जमतं. आमचा ट्रेलर भरून ४२० किलोच्या आसपास. हुकचं टोक घरच्या वजनकाट्यावर ठेवून पाहिलं की आकडा कळतो. आम्ही तो ५०च्या जवळ ठेवतो. २० लिटरचा पाण्याचा जार मागच्या ओट्याखालून काढून पुढच्या पेटीत आणला, तर काट्यावर लगेच फरक दिसतो. निघण्याआधी हे मोजणं मी टायरच्या हवेइतकंच आवश्यक मानते.

कसारा घाट चढताना गाडी कुरकुरत नाही. उतरताना मात्र ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत हे लक्षात ठेवून खालचा गिअर आणि लांब अंतर. रिव्हर्स घेणं कठीण आहे: गाडीला जोडणारा दांडा आखूड, त्यामुळे क्षणात वळून काटकोन होतो. गल्लीत किंवा सोसायटीत आम्ही तो सोडवतो आणि पुढच्या छोट्या चाकावर दोघं मिळून ढकलतो. हलका ट्रेलर बांधल्याचं खरं सुख मला तिथे मिळतं.

जूनच्या सुरुवातीला काजव्यांसाठी भंडारदऱ्याला गेलो होतो. संध्याकाळी सरी सुरू झाल्या आणि तंबूवाले सगळे सामान आवरायला धावले. आम्ही मागचं झाकण उचललं, त्याच्या दोन्ही कोपऱ्यांना कापड बांधलं आणि त्याखाली पिठलं-भाकरी केली. शेजारच्या तंबूतली दोन मुलं ताटल्या घेऊन आली, मग त्यांचे आई-बाबा. ओट्याची उंची बायकांच्या कंबरेला बसेल अशी मी ३२ इंच धरली होती, त्या मुलांच्या आई भाकरी थापताना म्हणाल्या, "घरच्या ओट्यावर मला वाकावं लागतं, इथे नाही." या मापासाठी मी गाळ्यात बराच वाद घातला होता.

तक्रारीही आहेत. मे महिन्यात कोकणात दिवसा आत बसवत नाही; थर्मोकोल असूनही उन्हात छत तापतं. सावली शोधावीच लागते. आत ताठ बसता येतं, उभं राहता येत नाही, त्यामुळे आई-बाबांना यात दोन रात्री ठेवणं योग्य नाही. त्यांच्यासाठी खोली घ्यावी. छताच्या उघड्या अॅल्युमिनियमची चकाकी समुद्रकिनारी जाऊन आल्यावर मंदावते, पांढरट ठिपके येतात. पॉलिश करत राहायची तयारी नसेल तर सरळ रंग द्या. आम्ही भिंती क्रीम आणि हिरव्या केल्या, त्या मस्त राहिल्यात.

आणि मागचं झाकण. या आकारात पाणी शिरतं ते बहुतेक वेळा तिथेच, बिजागरीच्या रेषेतून. लांब पियानो बिजागरी लावून तिच्यावर रबराची सलग पट्टी झाकली, कडेने गाडीच्या दाराचं बीडिंग दोन रांगांत. उभ्या ट्रेलरमध्ये एक थेंब आला नाही. पण महामार्गावर ट्रकमागून उडणारं पाणी खालून वर मारतं, ते बाहेरचं बीडिंग ओलांडतं आणि दोन रांगांमधल्या खाचेत साचतं. खाचेच्या दोन्ही टोकांना खाली भोकं ठेवलीत, तिथून ते निघून जातं. झाकण तोलणारे गॅसचे दांडे मात्र बाजारातून घेतलेले साधे होते, सहा महिन्यांत ढिले पडले. आता वाऱ्यात झाकण खाली येऊ नये म्हणून लाकडी टेकू लावतो. या दिवाळीच्या सुट्टीत जास्त ताकदीचे दांडे बसवायचे आहेत, आणि चाकांच्या बेअरिंगचं ग्रीसही त्याच वेळी बदलायचंय.