राजारामपुरीतली वीकेंड आयआर (आंतरराष्ट्रीय संबंध) बॅच: शिकवणं लई भारी, नोट्स मात्र घेऊ नका

क्लासचं नाव घेत नाही कारण खाली थोडं वाईट पण लिहिलंय, ज्यांना कळायचंय त्यांना कळेल.

रासायनिक शस्त्रांचा टॉपिक बाकी ठिकाणी दहा मिनिटात गुंडाळतात, बंदीचा करार १९९७ ला लागू, तो राबवणारी संघटना ओपीसीडब्ल्यू, तिचं ऑफिस द हेगला, तिला २०१३ चं शांततेचं नोबेल, चला पुढं. इथं सरांनी अख्खं लेक्चर एकट्या सीरियावर घेतलं. ऑगस्ट २०१३ चा दमास्कसजवळच्या घौटाचा रासायनिक हल्ला तपासणारं पथक यूएनचं पण त्यात माणसं ओपीसीडब्ल्यू आणि डब्ल्यूएचओची, मग सप्टेंबरात सीरियाचे साठे नष्ट करायचा सुरक्षा परिषदेचा ठराव २११८ आणि लगेच ऑक्टोबरात त्यासाठी यूएन आणि ओपीसीडब्ल्यू दोघांचं जॉइंट मिशन, प्रमुख सिग्रिड काग. साठे तपासायचं काम ओपीसीडब्ल्यूचं, सुरक्षा, वाहतूक, सरकारशी बोलणी यूएनकडं. विसर्जन मिरवणुकीत तालमीवाले, पोलीस, महापालिका आपापलं बघतात तसं, असं सर म्हणाले आणि वर्ग हसला, पण डोक्यात बसलं ते बसलंच.

फळ्यावर सीरियाच्या लाटाकिया बंदरापासून इटलीपर्यंत रेघ ओढून दाखवली. विषारी माल आपल्या जमिनीवर घ्यायला कोण तयार होईना, अल्बेनियात तर लोक रस्त्यावर उतरले, म्हणून डेन्मार्कच्या जहाजातनं अमेरिकेच्या केप रे जहाजावर चढवला आणि साधारण ६०० टन भर समुद्रातच निकामी केला, उरलेलं सांडपाणी फिनलंड आणि जर्मनीला. एका पोरीनं विचारलं, मग हल्ला केला कुणी हे कोण ठरवणार? सरांनी टाळलं नाही. २०१५ ला त्यासाठी दोघांची वेगळी यंत्रणा काढली, २०१७ ला रशियाच्या व्हेटोनं मुदतवाढ अडली आणि ती बंद पडली, मग २०१८ ला ओपीसीडब्ल्यूच्या सदस्यांनी मतदान करून ते काम स्वतःकडं घेतलं.

आता नोट्स. पैसे वेगळे, झेरॉक्स पुसट, आणि ओपीसीडब्ल्यू ही यूएनची शाखा असं चक्क छापलंय! अहो ती स्वतंत्र संघटना आहे, यूएनशी २००० साली सहकार्याचा करार झालाय एवढंच, आणि परीक्षेत नेमका हाच पर्याय टाकतात. भारतानं आपला साठा २००९ पर्यंत संपवला त्यावर एक ओळ नाही. ऑफिसात सांगितलं तर म्हणे पुढच्या एडिशनला बघू.

बॅच बिनधास्त लावा, पुढच्या बाकावर बसा, मागं फॅनच्या आवाजात काय ऐकू येत नाही. आणि गाडी गल्लीत लावू नका, उचलतात.