डिझेल गाडीचा रिमॅप: कपाशीचा एक हंगाम आणि एक उन्हाळा वापरल्यानंतर

रिमॅप (म्हणजे इंजिनच्या संगणकातलं सॉफ्टवेअर बदलणं) करून आठवड्याभरात लिहिलेले अनुभव मी भरपूर वाचले होते. आठवड्याभरात सगळ्यांचीच गाडी विमान असते. म्हणून कपाशीचा हंगाम आणि आपल्याकडचा अख्खा उन्हाळा काढल्यावरच लिहायला बसलो.

गाडी दोन लिटरची बीएस-६ डिझेल एसयूव्ही. मॅन्युअल गिअर, कंपनीची ताकद १४० बीएचपी, टॉर्क ३२० न्यूटन मीटर. आमचं कृषी सेवा केंद्र पांढरकवड्याजवळ, त्यामुळे गाडीत कधी पाच माणसं, कधी बियाण्याच्या पिशव्या, तर कधी दोन्ही. नागपूरच्या ट्यूनरकडून स्टेज-१ करून घेतलं. म्हणजे एकही पार्ट बदलला नाही, फक्त ईसीयूमधला, म्हणजे इंजिनच्या संगणकातला, नकाशा नवीन. किती डिझेल फवारायचं, टर्बोनं (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) किती दाब द्यायचा, टॉर्क कुठे अडवायचा, हे सगळं त्यात असतं. ट्यूनरचा दावा १७० बीएचपी आणि ३८० न्यूटन मीटरचा. डायनोवर (ताकद मोजायचं यंत्र) मोजून घेतलं नाही, त्यामुळे आकडा त्याचा, अनुभव माझा.

फरक आहे, आणि तो खालच्या आरपीएमला आहे. पूर्वी भरल्या गाडीला यवतमाळकडे जाताना चढावर तिसरा टाकावा लागायचा, आता चौथ्यात निघते. दोन पदरी रस्त्यावर उसाच्या किंवा कापसाच्या ट्रकमागे अडकलं की ओव्हरटेकला लागणारं अंतर कमी झालं, आणि माझ्यासाठी हाच खरा फायदा. समृद्धीवर तसाही १२० च्या वर जायचा हक्क नाही, तिथे रिमॅपचं काही कौतुक नाही. मायलेज हळू चालवली तर तेवढंच, पण हळू चालवतो कोण?

मे महिन्यात मात्र चित्र बदलतं. पारा ४५-४६ ला गेला की हवा पातळ होते. २५ अंशांच्या तुलनेत त्याच आकारमानात साधारण सहा-सात टक्के कमी हवा मावते. त्यात टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलरही गरम हवेनंच थंड व्हायचा. ईसीयू इंजिन वाचवायला डिझेल कापतो. भर दुपारी हिंगणघाटहून येताना गाडी जवळपास जुन्यासारखीच वाटायची. कंपनी नकाशात जी शिल्लक ठेवते, ती अशाच उन्हासाठी आणि कुठल्याही पंपावरच्या डिझेलसाठी. रिमॅप त्याच शिलकीतून काढून देतो. आमच्या चौकातल्या मिस्त्रीनं एका चकरेत निदान केलं: "भाऊ, गाडी पयते खरं, पण क्लच खाते ना थे." खरंच, भरल्या गाडीनं चौथ्यात जोर दिला की क्लच घसरायला लागलाय.

धुळीचं वेगळं. ट्यूनर तेल लावायचा कापडी एअर फिल्टरही देत होता. काळ्या मातीच्या गाडरस्त्यावर चालणाऱ्या गाडीला मी तो नाही बसवला. तसले फिल्टर हवा मोकळी सोडतात आणि बारीक धूळही, शिवाय जास्त झालेलं तेल एअरफ्लो सेन्सरवर बसतं. कागदी फिल्टर लवकर बदलणं स्वस्त पडतं. "डीपीएफ पण काढून टाकू का?" असंही ट्यूनरनं विचारलं होतं (डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर), त्याला सरळ नाही म्हटलं. दुकान ते शेत अशा छोट्या फेऱ्यांत डीपीएफला काजळी जाळण्याइतकी उष्णता मिळत नाही हे खरं आहे, पण त्यावर उपाय म्हणजे मधूनमधून हायवेला एक लांब चक्कर. डीपीएफ काढणं बेकायदा आहे आणि धूर सगळ्या गावाला दिसतो.

आता वॉरंटी.

मे अखेरीस गाडी लिम्प मोडला गेली, म्हणजे इंजिन वाचवायला स्वतःच ताकद कापून बसली. बिघडला होता टर्बोचा दाब आवरणारा अ‍ॅक्च्युएटर. वॉरंटी अजून शिल्लक होती. सर्व्हिस सेंटरला स्कॅनर लावला आणि अ‍ॅडव्हायझर दोन मिनिटांत बाहेर आला: "सर, सॉफ्टवेअर बदललंय, तुमची पूर्ण वॉरंटी गेली." ट्यूनर मंडळी सांगतात की सर्व्हिसच्या आधी जुनी फाइल टाकून देऊ, कोणाला कळणार नाही. कळतं. बऱ्याच ईसीयूत किती वेळा फ्लॅश झालं, म्हणजे सॉफ्टवेअर नव्यानं चढवलं, याची नोंद राहते, आणि नकाशा बदललेला असेल तर ओबीडीवरून (स्कॅनर लावायच्या सॉकेटवरून) वाचता येणारा पडताळणी क्रमांकही जुळत नाही. रेल प्रेशर सेन्सरचा (डिझेलचा दाब मोजणारा) आकडा ईसीयूला खोटा सांगणारा वेगळा डबा लावला तर फ्लॅशची नोंद होत नाही, पण इंजिनवरचा ताण तोच, आणि दाबातल्या गडबडीचे कोड मागे राहू शकतात.

"पूर्ण वॉरंटी गेली" हे मात्र मी ऐकून घेतलं नाही. गाडीतली पुस्तिका काढून त्याच्यासमोर ठेवली. माझ्या पुस्तिकेत बदलामुळे झालेला बिघाड वगळलाय, अख्खी गाडी नाही. म्हटलं, नकार कारणासहित लेखी द्या. दोन दिवस टोलवाटोलवी झाली, मग कागद आला आणि त्यात फक्त टर्बो व इंधन यंत्रणा होती. त्याच भेटीत एसीचा ब्लोअर वॉरंटीत बदलून मिळाला. अ‍ॅक्च्युएटरचे पैसे मी भरले. हाच पार्ट रिमॅप न केलेल्या गाड्यांतही जातो, पण माझा रिमॅपमुळे गेला नाही हे सिद्ध करत कोण बसणार? ते गृहीत धरूनच मी पैसे बाजूला काढून ठेवले होते. एक्स्टेंडेड वॉरंटीच्या अटी वेगळ्या आणि बहुधा जास्त कडक असतात, त्या स्वतंत्र वाचा.

व्हिडिओवाले ठासून सांगतात की बाहेरचा पार्ट लावला म्हणून कंपनी वॉरंटी नाकारूच शकत नाही. तो १९७५ चा अमेरिकेचा कायदा आहे, यवतमाळात चालत नाही. आपल्याकडे पुस्तिकेतला करार आणि २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. जिल्हा आयोगात जाता येतं, पण तिथेही लेखी नकार हातात नसेल तर काय दाखवणार?

आणखी एक बाजू आहे जी ट्यूनर काढतच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करू देत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सीएनजी किटसारखं मान्यताप्राप्त किट आरसीवर नोंदवून लावता येतं, रिमॅपला तसा रस्ता नाही. विमा कंपनीला बदल न सांगता मोठा अपघात झाला तर तिथेही तोच वाद.

ज्यांच्या गावापासून सर्व्हिस सेंटर तासाभरावर आहे आणि घरात दुसरी गाडी नाही, त्यांनी वॉरंटी संपेपर्यंत थांबावं. लिम्प मोडमध्ये रांगत यवतमाळ गाठणं आणि मग पार्टची वाट बघत एसटीनं फिरणं, हा खर्च ट्यूनरच्या बिलात नसतो. ऑटोमॅटिकवाल्यांनी गिअरबॉक्सची टॉर्क मर्यादा आधी विचारून घ्यावी. आणि करायचंच असेल तर मूळ फाइलची प्रत पेन ड्राइव्हवर स्वतःकडे ठेवा. ट्यूनरनं दुकान हलवलं तर जुना नकाशा कुठून आणणार? माझी प्रत कपाटात आहे. क्लचचं काम निघालं की कंपनीचाच नकाशा परत टाकायचा की जड क्लच बसवायचा, हे दिवाळीनंतर कापूस विकला की बघू.