एका राखाडी पिनेपायी: ठोकळ्यांचा संच आणि ॲप, आठ महिन्यांनंतर

काल कंपनीच्या माणसाशी फोनवर पाऊण तास भांडले, म्हणून लिहायला बसले. संच म्हणजे भोकांचे ठोकळे, ते जोडायच्या पिना, चाकं आणि मोटर; टॅबवरच्या ॲपमध्ये प्रोग्राम केला की मोटर चालते. कंपनीचं नाव लिहीत नाही. ठोकळ्यांची ती नामांकित लेगो नाही एवढं नक्की, ते आमच्या शाळेला कुठलं परवडायला! चार संच, प्रत्येकी साडेसात हजार. दोन माजी विद्यार्थ्यांनी दिले, दोन आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून घेतले. पाचवीचा वर्ग, पट 41.

भांडण पिनेवरून. काळ्या पिनेला अंगावर बारीक कंगोरे असतात, ती भोकात गच्च बसते. राखाडी गुळगुळीत, तिच्यावर चाक फिरतं. आणि राखाडी एका संचात मोजून सहा! एखादी हरवली की पोरं तिथे काळी ठोकतात, चाक अडकतं, मोटर नुसती घुंऽऽ करते. ॲपवर मात्र सगळं बरोबर. एक अख्खा तास आम्ही प्रोग्राममध्ये चूक शोधत होतो. तेव्हापासून तास संपायच्या आधी दहा मिनिटं मी पिना मोजते. एका मुलीच्या आईने धुण्यात सापडलेली पिन रुमालाच्या गाठीत बांधून आणून दिली, इतकी त्या पिनेची कीर्ती. तरी 24 मधल्या नऊच उरल्या. सुट्या मिळतील का विचारलं, तर "मॅडम, पूर्ण संच घ्यावा लागेल."

ॲपबद्दल दिवाळीपर्यंत माझं मत वाईट होतं. दर वेळी लॉगिन, ओटीपी मुख्याध्यापकांच्या मोबाईलवर, आणि मुख्याध्यापक मीटिंगला. मग अपडेट आलं आणि चारपैकी दोन टॅब जुने ठरले.

पण एक गोष्ट कबूल करायला हवी. ॲपमधला 'परत परत करा' हा ब्लॉक, म्हणजे त्याच सूचना पुन्हा पुन्हा चालवणारा, मी तीन तास समजावत होते. मागच्या बाकावरचा एक मुलगा, वडील सोलापूरच्या पूर्व भागात चादरीच्या मागावर आहेत, म्हणाला, "बाई, हे तर मागावर नक्षी पाडणाऱ्या जकार्डच्या पुठ्ठ्यांसारखं आहे. भोक असलं की दोरा वर, नसलं की खाली. सगळे पुठ्ठे माळेत ओवलेले, फिरून पहिला परत येतो." पुढे मी काही शिकवलं नाही, त्यानेच शिकवलं. त्या दिवसापासून ॲपला शिव्या देणं कमी केलंय.

ठोकळ्यांनी पैसे वसूल केले ते मात्र टॅब बंद ठेवून. आठ बटणांचा ठोकळा (वरच्या गोल उंचवट्यांना मुलं बटणं म्हणतात; चार-चारच्या दोन रांगा) अपूर्णांकाला उत्तम. एकाच रंगाचे असे दोन ठोकळे किती तऱ्हांनी जोडता येतात, हे करून बघा म्हटलं. कुणाचे 19, कुणाचे 31. फिरवून धरलं तर तीच जोडणी की वेगळी, यावर मधली सुट्टी गेली. तीच धरली तर उत्तर 24. सहा ठोकळ्यांचं सांगितलं तेव्हा फळ्यावर आकडा लिहून वाचायला लावला: 91,51,03,765. लेगोवाले स्वतः कित्येक वर्षं 10,29,81,500 सांगत, कारण त्यांनी फक्त सहा मजली मनोरे धरले होते. पुढे डेन्मार्कच्या गणितज्ञांनी संगणकावर सगळ्या जोडण्या मोजल्या. "म्हणजे कंपनीपण चुकते," एक पोरगी म्हणाली. तिला काय सांगू, बाई, मला कालच कळलंय.

पिनेचा तोडगा त्या जकार्डवाल्या मुलाच्या वडिलांनी काढला. संपलेल्या बॉलपेनच्या रिफिलचे तुकडे कापले, टोकं मेणबत्तीवर धरून ताटलीवर दाबली, की दोन्हीकडे टोपी तयार. चाक थोडं डुगडुगतं, पण फिरतं. खर्च शून्य. चौदा करून दिल्या, माणसाने चहासुद्धा घेतला नाही.

फोनवर हे सांगितलं तर पलीकडचा गंभीर झाला. "असं करू नका मॅडम, वॉरंटी जाईल."

वॉरंटी सहा महिन्यांचीच होती.