विद्यार्थ्यांच्या आरोग्यसवयी मोजायला कोणती प्रश्नावली घ्यावी?

प्रबंधाचा विषय मंजूर झाला की प्रश्नावली शोधायची धावपळ सुरू होते आणि बहुतेक जण हाताला लागेल ती उचलतात. तसं करू नका. मिळणाऱ्या आकड्याचं पुढे काय करायचंय, हे आधी ठरवा.

एकूण जीवनशैलीवर लिहायचं असेल तर एचपीएलपी-२ (हेल्थ प्रमोटिंग लाइफस्टाइल प्रोफाइल, दुसरी आवृत्ती) सगळ्यांत भक्कम. तिच्यात 52 विधानं आणि सहा भाग आहेत: आरोग्याची जबाबदारी, शारीरिक हालचाल, आहार, आत्मिक वाढ, नातेसंबंध आणि ताणाचं व्यवस्थापन. उत्तरं ‘कधीच नाही’ ते ‘नेहमी’, म्हणजे 1 ते 4. काही भागांत 8 विधानं आहेत, काहींत 9. म्हणून बेरजा ताडून पाहू नका, सरासरी काढा. तिची मोठी उणीव अशी की तंबाखू आणि दारूवर एकही विधान नाही. ते प्रश्न वेगळे जोडावेच लागतात. दुसरी अडचण आहाराची. भात-ब्रेडची रोजची 6 ते 11 ‘सर्व्हिंग’ हे माप अमेरिकी आहे. मेसमध्ये जेवणारी मुलं पोळ्या मोजतात आणि भात दोनदा घेतला की तीनदा एवढंच सांगतात. शब्द तसाच ठेवलात तर अंदाजाने खूण होणार. आहारतज्ज्ञाकडून पोळी-वाटीत माप ठरवून घ्या, तो बदल प्रबंधात नोंदवा आणि त्या भागाचा क्रॉनबाख अल्फा (त्यातली विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) पुन्हा काढा. तो 0.70 च्या खाली गेला तर त्या भागावर निष्कर्ष उभारू नका.

वसतिगृहात किंवा वर्गात झटपट चाळणी करायची असेल तर 1984 सालची, कॅनडातली ‘फँटास्टिक’ नावाची जीवनशैलीची प्रश्नावली पुरेशी आहे. 25 प्रश्न, प्रत्येकी 0 ते 4, एकूण 100. 85 किंवा त्याहून जास्त म्हणजे उत्तम, 35 च्या खाली धोक्याचं. व्यसनं, झोप, चहा-कॉफी सगळं थोडं थोडं येतं. पण तंबाखूचा प्रश्न ओढण्यापुरता आहे. सिगारेट कधीच न ओढणाऱ्या पण रोज गुटखा, मावा खाणाऱ्या मुलाला तिथे पूर्ण 4 गुण मिळतात! सीटबेल्टच्या प्रश्नाचंही तसंच: दुचाकीवर येणाऱ्यांना हेल्मेटबद्दल विचारायला हवं. शिवाय एकेका विषयावर मोजकेच प्रश्न असल्याने विषयवार निष्कर्ष काढू नयेत.

फक्त हालचाल मोजायची असेल तर आयपॅकचं (आंतरराष्ट्रीय शारीरिक हालचाल प्रश्नावलीचं) छोटं रूप घ्या. 7 प्रश्न, गेल्या 7 दिवसांबद्दल. चालण्याची मिनिटं 3.3 ने, मध्यम श्रमाची 4 ने, जोरकस श्रमाची 8 ने गुणायची. स्टेशनपर्यंत जाऊन-येऊन 40 मिनिटं, आठवड्यात 6 दिवस चालणारी मुलगी: 40 × 6 × 3.3 = 792 मेट-मिनिटं (श्रमाच्या तीव्रतेने गुणलेली मिनिटं), म्हणजे ‘मध्यम’ गट. सलग 10 मिनिटांपेक्षा कमी हालचाल धरायची नाही. एका प्रकारात दिवसाला 180 मिनिटांहून जास्त लिहिलं असेल तर 180 च धरा. आकडे एका बाजूला झुकलेले असतात, म्हणून सरासरीऐवजी मध्यक द्या. आणि परीक्षेच्या किंवा गणपतीच्या आठवड्यात फॉर्म वाटू नका. त्या सात दिवसांवरून एरवीच्या सवयी कळत नाहीत.

झोपेसाठी पीएसक्यूआय (पिट्सबर्ग झोप-गुणवत्ता निर्देशांक): 19 प्रश्न, गेला महिना, 5 च्या वर गुण म्हणजे झोप बिघडलेली. ‘12 वाजता’ असं उत्तर आलं तर रात्री की दुपारी, हे तिथल्या तिथे विचारून घ्या. रात्री 11 ला अंथरुणात, 7 ला बाहेर, मधला वेळ मोबाइलवर आणि झोप साडेपाच तास, तर झोपेची कार्यक्षमता (अंथरुणातल्या वेळेपैकी प्रत्यक्ष झोप किती) सुमारे 69 टक्के आणि त्या घटकाचे 2 गुण.

कोणतीही निवडली तरी वर्गशिक्षकांच्या हातून फॉर्म वाटू नका आणि रोल नंबर मागू नका, नाहीतर व्यसनांची उत्तरं खोटी येतात. मराठी भाषांतर झाल्यावर दुसऱ्या माणसाकडून ते उलट इंग्रजीत करून मूळ प्रश्नाशी ताडून पाहा. मग 30 विद्यार्थ्यांवर चाचणी घ्या, त्यांच्याशेजारी बसा आणि ‘मध्यम श्रम’ वाचून डोळ्यांसमोर काय आलं ते विचारा. कुणी कपडे धुणं म्हणेल, कुणी क्रिकेट. असं झालं तर प्रश्नाखाली उदाहरणं छापा.