चौघांसाठी ७२ तासांची आपत्कालीन पिशवी: तेरा महिने वापरल्यावर

७ मे २०२५ ला देशभर भोंगे वाजवून नागरी संरक्षणाचा सराव झाला, त्या रात्री मुलीनं विचारलं, "आई, आपल्याकडे काय काय आहे गं?" मी आणि नवरा एकमेकांकडे बघत बसलो. शोधाशोध केल्यावर एक टॉर्च निघाला, त्यात सेल नव्हते. मेणबत्त्या निघाल्या, वाढदिवसाच्या. दोन दिवसांत मी ४,७९९ रुपये भरून ही तयार पिशवी मागवली. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'चार माणसे, ७२ तास'. कंपनीचं नाव देत नाही. नंतर अशा तीन-चार पिशव्या ओळखीच्यांकडे पाहिल्या, आतला माल थोड्याफार फरकानं तोच.

आम्ही नवी मुंबईत, ऐरोलीत, तिसऱ्या मजल्यावर. घरात आम्ही दोघं, पाचवीतली मुलगी आणि सासूबाई. सासूबाई उरणकडच्या, वय ७४. पिशवी आली तेव्हा त्यांनी चष्मा लावून एकेक वस्तू हातात घेतली आणि विचारलं, "यात जेवायचं कुठं आहे?"

प्रश्न बरोबर होता. पण आधी पाण्याचं सांगते, कारण पिशवी तिथेच पहिल्यांदा नापास झाली. आत अर्ध्या लिटरचे सहा पाऊच, म्हणजे एकूण तीन लिटर. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी दिवसाला तीन लिटर धरले तरी चौघांना तीन दिवसांचे ३६ लिटर लागतात. हे गणित पाचवीतल्या पोरीनं करून दाखवलं. मी पैसे भरताना केलं नव्हतं.

जूनअखेर दुरुस्तीसाठी आमच्याकडे चोवीस तास पाणी बंद होतं. पिशवी कपाटात तशीच राहिली, पाऊच फोडायचं कुणाच्या मनातही आलं नाही. खरी ओढाताण झाली ती संडासाच्या पाण्याची. एका फ्लशला जेवढं पाणी जातं, तेवढ्यात दोघांचं दिवसभराचं पिणं-रांधणं होतं. पुढे ऑक्टोबरात एका संध्याकाळी वीज गेली ती सात तास. वीज नाही म्हणजे पंप नाही, पंप नाही म्हणजे गच्चीवरची टाकी भरत नाही, आणि आरओ तर आधीच गप्प. जमिनीखालच्या टाकीत पाणी भरपूर, पण ते वर आणणार कोण? वीज गेली की पाणीही गेलं, हे मला शहरात इतकी वर्षं राहून त्या दिवशी कळलं.

आता वीस लिटरचे तोटीवाले दोन कॅन आहेत. शनिवारी ते झाडांना, लादी पुसायला वापरून टाकायचे आणि लगेच ताजे भरायचे. झाकण घट्ट असणं महत्त्वाचं, नाहीतर आपत्तीच्या तयारीत डेंग्यूचे डास पाळल्यासारखं होईल. त्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा नेम चुकवत नाही. संडासासाठी न्हाणीघरात एक पिंप वेगळं. पिशवीतल्या क्लोरिनच्या गोळ्या मात्र मी ठेवल्यात. पुराचं पाणी जमिनीखालच्या टाकीच्या झाकणावरून आत शिरलं, तर नळाचं पाणी दिसायला स्वच्छ असेल, पिण्याजोगं असेलच असं नाही. गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्यायचं, वरचं गाळून घ्यायचं, मग वेष्टनावरच्या मापानं गोळी टाकून अर्धा तास थांबायचं. गोळी थेट गढूळ पाण्यात टाकली तर तिची निम्मी ताकद गाळावरच खर्च होते.

आता जेवण. पिशवीत बारा 'एनर्जी बार' होते, मुदत सहा महिन्यांची. चौथ्या महिन्यात मुलीनं आणि तिच्या मैत्रिणीनं चार संपवले, तिचं म्हणणं, "चॉकलेटसारखं लागतं पण खडूसारखं." डाळभाताची तयार पाकिटं होती, ती गरम पाण्यात ठेवावी लागतात. आमच्याकडे पाइपचा गॅस आहे, वीज गेली तरी चालतो, त्यामुळे अडलं नाही. पण भूकंपानंतर हाच गॅस आधी बंद करायचा असतो, तेव्हा काय? ती पाकिटं थंडच खाऊन बघितली. खाता येतात. एवढंच म्हणते.

सासूबाईंनी समांतर तयारी चालवली होती. त्यांच्याकडे त्याला आगोट म्हणतात, पाऊस लागायच्या आत चार महिन्यांची बेगमी. सुकट, सुके बोंबील, जवळा, मसाला, कोकम, पापड, कुरडया. मला वाटलं, आता माझी हजारांची पिशवी विरुद्ध त्यांचे डबे, आणि डबे जिंकणार. तसं काही झालं नाही. पाऊस २६ मेलाच आला. निदान १९५० पासून मुंबईत इतक्या लवकर मान्सून आल्याची नोंद नव्हती. पापड अर्धे ओले, कुरडया खिडकीत. पंख्याखाली वाळवायचा प्रयत्न केला, जुलैत त्यांवर हिरवी बुरशी. पोह्यांत पोरकिडे झाले. सुकट तेवढी टिकली, पण डबा उघडला की लिफ्टपर्यंत वास, आणि समोरच्या घरातले शाकाहारी शेजारी सज्जन असले तरी माणसंच आहेत.

म्हणजे दोन्ही पद्धती एकाच कारणानं हरल्या: आमच्याकडची दमट हवा. खाडी एका बाजूला, चार महिने पाऊस. नीट बांधून बाजूला ठेवलेली वस्तू इथे टिकत नाही, मग ती कारखान्यात बांधलेली असो की सासूबाईंच्या हातची. टिकलं काय? जे रोज खाल्लं जात होतं आणि रोज भरलं जात होतं. तांदूळ आणि मूगडाळ आम्ही आता दहा किलोंऐवजी पंधरा किलो ठेवतो, नवं मागे लावतो, जुनं पुढे घेतो. भाजलेले शेंगदाणे, फुटाणे-गूळ, राजगिऱ्याचे लाडू, मेतकूट. हे सगळं मुलीच्या डब्यात आणि आमच्या चहासोबत आपोआप फिरतं. चिक्की आठ दिवसांत चिवट होते, ती हवाबंद डब्यातच. डाळ-तांदळाच्या डब्यात कडुलिंबाचा पाला, पूर्ण वाळवलेला.

प्रकाश आणि फोन. हाताने फिरवायचा रेडिओ आला, त्यालाच दिवा आणि फोनसाठी चार्जिंग. मिनिटभर हँडल फिरवलं की पाच-सहा मिनिटं आकाशवाणी ऐकू येते. फोन चार्ज करायचा म्हटलं तर हात गळून येतो आणि टक्काभरही वाढत नाही. पण रेडिओ म्हणून ही वस्तू उत्तम, पिशवीतली सगळ्यात खरी. १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवते का? मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि थोड्या वेळात फोनलाही रेंज मिळेना. तेव्हा आमच्या मजल्यावर नेमकं काय झालंय हे कुणालाच माहीत नव्हतं, अफवा मात्र प्रत्येकाकडे होत्या. त्या दिवशी हा रेडिओ असता तर.

पॉवर बँकेवर १०,००० एमएएच लिहिलंय. आत सेल ३.७ व्होल्टचा, बाहेर ५ व्होल्ट द्यावे लागतात, त्यात थोडी नासाडी, त्यामुळे माझा ५,००० चा फोन पूर्ण दोनदा भरत नाही, दीडदा भरतो. यात फसवणूक नाही, गणित आहे, पण वेष्टनावर कुणी सांगत नाही. मी ती पूर्ण भरून पिशवीत ठेवली आणि विसरले. पाच महिन्यांनी काढली तर निम्म्यावर. आता ती नवऱ्याच्या ऑफिसच्या बॅगेत असते, रोज वापरात.

ही बॅगेची अक्कल आली १९ ऑगस्टला. त्या दिवशी मध्य आणि हार्बर दोन्हीकडे लोकल बंद पडल्या. नवरा भांडुपला उतरला आणि मुलुंडवरून ऐरोली पुलाकडे चालत निघाला, मध्ये गुडघाभर पाण्यातून. त्याच्याकडे छत्री, एक बिस्किटाचा पुडा आणि अकरा टक्के चार्ज. पिशवी कुठे? घरी, कपाटात, कोरडी. घरी आम्ही तिघी कोरड्या, दिवे चालू, टीव्ही चालू. ज्याला तिची गरज होती तो रस्त्यावर. आपत्ती कधी येते ते माहीत नसतं म्हणून आपण ७२ तासांचं गणित करतो, पण तेव्हा आपण कुठे असू याचं गणित करत नाही. आमच्या घरातली दोन माणसं दिवसाचे दहा-अकरा तास घराबाहेर असतात.

तो आला रात्री नऊला. टाचेला चिरलेलं होतं. डॉक्टरांनी जखम असताना साचलेल्या पाण्यातून आल्याचं ऐकून लेप्टोची, म्हणजे अशा पाण्यातून होणाऱ्या तापाची, प्रतिबंधक गोळी दिली, आणि बजावलं की हे ७२ तासांच्या आत यायचं असतं, ताप येईपर्यंत थांबायचं नसतं. पिशवीवरचे ७२ तास कशाचे ते तोवर मला पटलं नव्हतं, हे पटले. तेव्हापासून दोघांच्या बॅगांत एकेक छोटी थैली: फुटाणे, ओआरएसचं पाकीट, शिटी, चिकटपट्ट्या, पाचशे रुपये सुटे. सुटे म्हणजे दहा-वीस-पन्नासच्या नोटा. रेंज गेली की यूपीआय गेलं आणि पाचशेची एकच नोट घेऊन रिक्षावाल्याकडे जाणं म्हणजे भांडणाला आमंत्रण.

एक रात्र वेगळी. डिसेंबरात अडीचच्या सुमाराला उग्र वास आला, डोळे चुरचुरायला लागले. कुठून, कशाचा, शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणून बोट कुणाकडेच दाखवत नाही. पण ठाणे-बेलापूरच्या रासायनिक कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्यानं एवढी एक गोष्ट पाठ करून ठेवावी: अशा वेळी बाहेर धावायचं नाही. खिडक्या बंद, एक्झॉस्ट फॅन बंद, दाराच्या फटीला ओला टॉवेल, आणि ११२ किंवा जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७. क्लोरिनसारखा वायू हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो, त्यामुळे तळमजल्यावरच्यांनी वर यावं. पिशवीत चार कागदी मास्क होते. धुळीला ठीक. वायूला ते आणि माझी ओढणी सारखेच, आणि ओढणी निदान मोठी आहे.

भूकंपासाठी पिशवीत शिटीखेरीज काही नाही. सासूबाईंना ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेची पहाट आठवते. उरणला फडताळातली भांडी वाजली आणि त्यांचे वडील सगळ्यांना घेऊन अंगणात आले. "अंगण होतं म्हणून आलो," त्या म्हणाल्या, "तुम्ही तिसऱ्या मजल्यावरून कुठं येणार?" त्या आठवड्यात सुताराला बोलावून दोन्ही कपाटं लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला बांधली, डोक्यावरच्या माळ्यातली जड भांडी खाली आणली, आणि पलंगाखाली प्रत्येकाच्या चपला ठेवल्या, काचेवरून चालायला. खर्च साडेआठशे. मला विचाराल तर सगळ्या तयारीत हे साडेआठशे सर्वांत नीट खर्च झाले.

अकराव्या महिन्यात पिशवी पूर्ण उपसली. टॉर्चमधले सेल पाझरून आत पांढरा खार, स्प्रिंग गेलेली. कात्रीला गंज. चिकटपट्ट्यांचा गोंद सुकलेला. कागदपत्रांच्या झेरॉक्स ज्या प्लास्टिकच्या कव्हरात ठेवल्या होत्या, त्याला काळी शाई चिकटून आधारचा अर्धा नंबर कव्हरावर आणि अर्धा कागदावर. आता झेरॉक्स साध्या कागदी पाकिटात, वर झिपची पिशवी, आत सिलिकाची पुडी. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या जास्तीच्या, पण त्याही रोजच्या डब्यातून फिरत्या. चंदेरी पातळ चादरी थंडीत ऊब देण्यासाठी असतात. ऐरोलीत थंडी? एक एप्रिलमध्ये पश्चिमेच्या खिडकीला लावली, खोली खरंच बरी राहिली.

घ्यावी का? हातात वेळ नसेल आणि घरात काहीच नसेल तर घ्या, पण दुसऱ्या दिवशीच उघडा आणि टॉर्चमधले सेल काढून बाजूला ठेवा. वेळ असेल तर रेडिओ, क्लोरिनच्या गोळ्या आणि दोन कॅन सुटे घ्या, निम्म्या पैशांत होतं. पाचपैकी अडीच गुण. त्यातला एक रेडिओचा आणि एक पिशवीचाच, म्हणजे वरच्या कापडाचा. जाड, तोंड गुंडाळून बंद होणारी, खरोखर पाणी आत येत नाही. आणि आतलं बाहेरही येत नाही, हे यंदा मेमध्ये कळलं. सध्या सासूबाईंची दोन किलो सुकट तीत आहे. शेजाऱ्यांना पत्ता नाही.