वाळूच्या पेटीतलं ‘मीठ’: एसजीएम-३६ सिलिकॉन कितपत भरवशाचं?

जमिनीखाली मिठाचा जाड थर असला की वरचे खडक आणि खालचा पाया एकमेकांची साथ सोडतात. भूगर्भातल्या हालचालींची छोटी प्रतिकृती म्हणून पेटीत वाळूचे थर मोटरने दाबतात किंवा ताणतात. त्यात हे दाखवायला खरं मीठ कामाचं नाही, प्रयोगाच्या वेळात ते वाहतच नाही. त्याच्या जागी डाऊ कॉर्निंगचं एसजीएम-३६ हे पारदर्शक सिलिकॉन पॉलिमर वर्षानुवर्षं वापरात आहे. थर कुठे सुटतात, कुठे अडकतात हे पाहायचं असेल तर ते उत्तम. मिठाचे घुमट स्वतःच्या हलकेपणाने कसे वर येतात, या प्रश्नाला मात्र ते जपूनच वापरावं.

सगळ्यात जास्त प्रयोग बिघडतात ते मोटरच्या वेगामुळे. सिलिकॉनची श्यानता (वाहायला होणारा विरोध) साधारण ५० हजार पास्कल-सेकंद आणि मिठाची एकावर १९ शून्यं धरली, पेटीतला १ सेंटिमीटर म्हणजे निसर्गातला १ किलोमीटर मानला, तर पेटीतला एक तास जवळपास दीड लाख वर्षांचा होतो. वर्षाला १० मिलिमीटर आकसणारा पर्वतपट्टा दाखवायला मोटर ताशी दीड सेंटिमीटर चालवायची. मिठाची श्यानता दहापट कमी धरली, तर वेग ताशी दीड मिलिमीटरवर आणावा लागतो. वेळ वाचवायला वेग वाढवला की सिलिकॉन ताठरतं, वरचा-खालचा थर जखडला जातो आणि मीठ असूनही नसल्यासारखा निकाल येतो. खोली तापली की श्यानता उतरते, तेव्हा तापमानाची नोंद हवीच.

६० × ४० सेंटिमीटरच्या पेटीत १ सेंटिमीटर थराला सुमारे २.३ किलो लागतं. तुकडे वजन करून मांडावेत, पेटी पाणसळीने समतल करावी आणि किमान एक दिवस हात लावू नये. तेवढ्या वेळात थर आपोआप सपाट होतो, बुडबुडे वर येतात. उरलेले सुईने फोडावेत. वाळू ओतायची नाही, चाळायची; चाळलेली घट्ट बसते. २-३ मिलिमीटरचे रंगीत थर लगोलग, सारख्या जाडीने द्यावेत. एका बाजूला भार जास्त पडला तर मोटर सुरू होण्याआधीच खालचं सिलिकॉन सरकायला लागतं.

ताणाच्या प्रयोगात हे साहित्य खरं खुलतं. १ सेंटिमीटर सिलिकॉनखाली पायाचा ठोकळा ५ मिलिमीटर खचवला तर वरची वाळू तुटण्याऐवजी वाकते, आणि खचदऱ्या (जमीन खचून झालेल्या लांबट दऱ्या) पायातल्या प्रस्तरभंगापासून, म्हणजे थर सरकलेल्या तड्यापासून, दूर उघडतात. थर ३ मिलिमीटरचा केला की तोच तडा सरळ वर येऊ लागतो. उत्तर समुद्रातल्या झेकश्टाइन मिठाच्या बाबतीत थराची जाडी आणि खचण्याची उंची यांचं हेच गणित पाहावं लागतं. वाळू ताणून पातळ झाली की खचदरीच्या तळाशी सिलिकॉन टोकदार कण्यासारखं वर घुसतं. काप घेतल्यावर ते स्पष्ट दिसतं.

दाबाखाली, सिलिकॉन नसेल तर वाळूची उंच, तीव्र उताराची पाचर होते आणि प्रस्तरभंग बहुतेक एकाच दिशेला झुकतात. सिलिकॉन असेल तर पट्टा रुंद आणि बुटका होतो, वली (थरांच्या घड्या) दोन्हीकडे कलतात. फ्रान्स-स्वित्झर्लंड सीमेवरच्या जुरा पर्वतात हे दिसतं. पाकिस्तानातलं पोटवार पठारही मिठावरून असंच सरकलं आहे, म्हणून त्याचा उतार जेमतेम एखाद्या अंशाचा. सिलिकॉनचा थर जिथे संपतो तिथे सगळी हालचाल अडून साचते. ती कड मुद्दाम तिरकी ठेवून पाहण्यासारखी आहे.

खोट आहे ती घनतेत. सिलिकॉन ९७० किलो प्रति घनमीटर आणि वाळू १६००च्या आसपास, म्हणजे दीडपटीहून जड. निसर्गात खडक मिठाहून थोडेच जड, उथळ गाळ तर हलकाही असतो. त्यामुळे पेटीतले घुमट गरजेपेक्षा जोमाने वर येतात. वाळूत पोकळ सूक्ष्मगोल मिसळून ती हलकी करावी. सिलिकॉनमध्ये जड भुकटी घातली तर त्याचं वाहणंच बदलतं, मग श्यानता नव्याने मोजावी लागते.

बाजूच्या काचेला सिलिकॉन चिकटून ओढ लावतं, म्हणून मोजमाप मधल्या भागातच घ्यावं. शेवटी वरून जादा वाळू पसरून, पाणी मुरवून काप घ्यावेत. पातं हळू चालवलं नाही तर सिलिकॉन त्याच्याबरोबर खेचलं जातं आणि नेमका पाहायचा सांधा पुसून जातो. वाळू लागलेला पृष्ठभाग कापून टाकला की आतलं सिलिकॉन पुढच्या प्रयोगाला चालतं.