बांगडा निखाऱ्यावर भाजावा की धुरीवर?

वाडीत आग पेटवून मासे करायचे ठरलं असेल तर मसाल्याआधी घड्याळ बघा. निखाऱ्यावर जाळीत धरलेला बांगडा १५ मिनिटांत पानात पडतो. धुरीला मात्र मिठाचं पाणी, वाळवणं आणि प्रत्यक्ष धूर धरून अर्धी दुपार हवी. पोरं भुकेली असतील तर धुरीच्या वाटेला जाऊच नका. सारखं झाकण उघडलं जातं, धग निघून जाते आणि मासा धड भाजला जात नाही की धुरावत नाही.

वेळ असेल तर बांगड्यासाठी माझं मत धुरीला. बांगडा तेलकट मासा, त्या तेलात धुराचा वास मुरतो आणि मांस कोरडं पडत नाही. निखाऱ्यावर तेच तेल टपकून जाळ भडकतो. शेपटी करपते आणि काट्याजवळ कच्चं राहतं. सुरमईच्या जाड तुकड्यांना उलट निखारेच बरे, वरून खमंग, आत रसाळ. पापलेट तव्यावरच राहू दे, एवढ्या नाजूक माशाला धूर देणं म्हणजे पैसे चुलीत घालणं.

उन्हात पडून राहिलेला बांगडा मात्र दोन्हीकडे बाद. त्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते आगीने जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, त्या दिवसांत बर्फातल्या मालाचे कल्ले नीट बघूनच घ्या.

सरपणात फरक फार पडतो. निखाऱ्यासाठी सुरूचं लाकूड आणि वरून करवंट्या. करवंटी झटकन तापते, पण टिकत नाही, म्हणून ढीग जवळ हवा. धुरीला नारळाची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, जराशी दमट. ओली चिंब सोडणं पांढरा दाट धूर ओकतात आणि मासा कडवट होतो. धूर पातळ, निळसर हवा. काजूची टरफलं फुकट मिळतात म्हणून घालू नका. त्यांच्यातलं तेल कातडी भाजणारं असतं, धूरही डोळ्या-घशाला झोंबतो.

धुरीला पेटीबिटी विकत आणायची गरज नाही. खाद्यतेलाचा रिकामा १५ किलोचा डबा आधी रिकामाच आगीवर चांगला तापवून घ्या, मग आत सळ्या टाका आणि तळाशी निखारे व सोडणं. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा नको, तापला की त्याची वाफ बाधते. बांगडा पाठीतून चिरून उघडा, अर्धा तास मिठाच्या पाण्यात ठेवा, मग सावलीत वाऱ्यावर टांगा. बोट लावलं की कातडी चिकट लागली पाहिजे. ओल्या माशावर धुराचं काळं पाणी साचतं. घाई करणारे नेमके इथेच फसतात. मंद धगीवर साधारण तासाभरात मांस काट्यापासून सुटतं.

आता चकाकीचा लेप. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, आणि गूळ, सोबत ठेचलेला लसूण आणि बिया काढलेली दोन-चार तिरफळं, पळीला चिकटेपर्यंत आटवायचं. आगळात मीठ असतंच, वेगळं घालू नका. निखाऱ्यावर हा लेप शेवटच्या दोन मिनिटांतच लावायचा, कारण गूळ लगेच जळतो. चकाकी येते, पण डागडागांची. धुरीत धग कमी असल्याने शेवटच्या २० मिनिटांत दोन हात देता येतात आणि मासा लाखेसारखा चमकतो. गोड-आंबट लेपासाठीच हा खटाटोप असेल तर इथे धुरी सरळ जिंकते.

जागा दोन्हीसाठी वाडीतलीच बरी. किनाऱ्यावर वारा जाळ हलवत राहतो, शिवाय वेळास, आंजर्ल्यासारख्या ठिकाणी हंगामात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. उजेडाने पिल्लांची दिशा चुकते. दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात, तेव्हा डबा घराच्या पूर्वेला मांडा, नाहीतर वाळत घातलेल्या कपड्यांवरून घरात रामायण.

उरलं तर? निखाऱ्यावरचा मासा सकाळी चिवट लागतो. धुरीचा बांगडा गारही चांगला लागतो, पण तो सुक्या मासळीसारखा टिकेल असं समजू नका, फ्रिजमध्येच ठेवा. सकाळी काटे काढून कुस्करा, त्यात कांदा, मिरची, ओलं खोबरं मिसळा आणि पेजेबरोबर वाढा.